प्रस्तावना : तीनदा विचारलेला प्रश्न

म्हैसूरच्या विजयनगरातून निघाले की पाऊण तासात श्रीरंगपट्टण येते. शाळांच्या सहली रंगनाथाचे दर्शन घेतात, दर्या दौलत बाग बघतात आणि ऊन उतरणीला लागले की गुंबजला येतात. काळ्या तुळतुळीत दगडी खांबांच्या ओवरीतून आत गेले की भिंतींवर वाघाच्या अंगावरचे पट्टे रंगवलेले दिसतात आणि शेजारी शेजारी तीन कबरी : हैदर अली, टिपू सुलतान आणि टिपूची आई फातिमा फख्रुन्निसा. लोक टिपूच्या कबरीपाशी थांबतात. माझ्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी त्यांना आईच्या कबरीपाशी उभे करते आणि एका मराठी माणसाची गोष्ट सांगते.

गोष्ट अशी. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेतला एक देशी अंमलदार म्हैसूरकरांच्या हाती सापडला. नाव सामाजी हसाजी दिवेकर. कैद्यांची चौकशी चालली असता त्याला विचारले गेले, तू कोण? तो हिंदू नव्हता, मुसलमान नव्हता, फिरंगी तर नव्हताच. तो म्हणाला, बेने इस्राएल. पडद्याआड बसलेल्या टिपूच्या आईच्या कानी ते शब्द पडले. कुराणात बनी इस्राईल म्हणून ज्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, ती माणसे आपल्या कैदेत आहेत याचे तिला नवल वाटले आणि तिने रदबदली करून त्यांचे प्राण वाचवले. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा सामाजीने नवस केला होता.

दरबारातले हे बोलणे कोणी टिपून ठेवलेले नाही. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही आठवण आहे आणि आठवण म्हणूनच ती ऐकावी. पण नवसाचे घर चुन्या-दगडाचे आहे. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सामाजीने, म्हणजे सॅम्युएल एझकिएल दिवेकराने, मुंबईतले पहिले सिनेगॉग उभे केले. त्याचे नाव 'शाअर हारहामीम', दयेचे द्वार. तो रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. समाजाच्या बोलीत सिनेगॉगला 'मशीद' म्हणत आणि ही 'जुनी मशीद'. मशीद बंदर स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे समाजातले जाणते लोक सांगतात. सामाजी पुढच्याच वर्षी कोचीनला गेला, सिनेगॉगसाठी तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या मिळवायला, आणि तिथेच वारला.

ज्यू लोकांचा आणि त्यांच्या पितृभूमीचा इतिहास मराठीतून सांगू पाहणाऱ्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची विनंती आली, तेव्हा मला पहिल्यांदा गुंबजमधली ती कबर आठवली. 'तू कोण?' हा प्रश्न या समाजाला अनेकदा विचारला गेला. त्यातले तीन प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. एक कोकणात, एक इथे कावेरीच्या बेटावर आणि एक थेट यरुशलेममध्ये. उत्तर दर वेळी तेच होते. विचारणारे बदलले आणि प्रश्नामागचा हेतूही बदलला. या तीन प्रसंगांच्या आधाराने सारा विषय नव्या वाचकापुढे मांडता येईल असे मला वाटते.

माझे बालपण अलिबागेत गेले. तिथे इस्राएल आळी आहे. आमच्या लेखी इस्राएल हा देश नव्हता, ती आळी होती. शुक्रवारी दिवेलागणीला तिथल्या घरांत दिवे लागत आणि शनिवारी कोणी चूल पेटवत नसे. दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली छोटीशी नळी असे. घरातले लोक येताजाता तिला बोटे लावून ओठांना टेकवत. तिला मेझुझा म्हणतात हे मला फार उशिरा कळले. त्या आळीतल्या काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र, अंगावर नऊवारी, बोलणे अस्सल कुलाब्याचे. नवस फेडायचा असला की त्या मलिदा करत. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे आणि वेलची घालून ताटात शीग रचायची, भोवती फळे मांडायची, वर गुलाबाच्या पाकळ्या पसरायच्या आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना म्हणायची. प्रार्थना हिब्रू. ती संपली की काकू आम्हा मुलांना मराठीत दटावत, 'हात धुऊन या आधी.' मग एका मे महिन्यात त्या घराला कुलूप लागले. 'इस्राएलला गेले' असे मोठी माणसे म्हणाली, तेव्हा मला ते कोडेच वाटले. ती मंडळी तर इस्राएलमध्येच राहत होती की!

या कोड्याचे उत्तर शोधायचे तर तीन हजार वर्षे मागे जावे लागते. भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्यामधली ती चिंचोळी भूमी, शलमोन राजाने यरुशलेमला बांधलेले मंदिर, त्याच्यामागे राज्याची झालेली दोन शकले. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास उत्तरेचे राज्य अश्शूरांनी बुडवले. तिथल्या दहा वंशांचे पुढे काय झाले, या कुतूहलातून जगभर दंतकथा उगवल्या. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनी फौजांनी मंदिर पाडले आणि लोकांना धरून नेले. इराणच्या सायरसने त्यांना परत जाऊ दिले, दुसरे मंदिर उभे राहिले आणि इ. स. ७० मध्ये रोमनांनी तेही जाळले. १३५ साली बार कोखबाचे बंड मोडल्यावर रोमनांनी यहुदिया हे नावच पुसून प्रांताला सिरिया पॅलेस्टिना म्हणायला सुरुवात केली. मंदिर गेले, राज्य गेले. उरले ते पोथी, शनिवारचा शब्बाथ आणि प्रार्थनेच्या वेळी तोंड करायची दिशा. लोक पांगले, तरी त्या भूमीत ज्यूंची वस्ती लहान-मोठ्या प्रमाणात कायम राहिली. ही गोष्ट दोन्ही बाजूंचे घाईचे लेखक विसरतात.

हा इतिहास कसा लिहावा यावर विद्वानांत दीडशे वर्षे वाद चालू आहे. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ग्रेट्झने जर्मनीत अनेक खंडांचा ज्यू इतिहास लिहिला. त्याचा गाभा होता छळ आणि विद्या : ज्यू माणूस सोसतो आणि शिकतो. रशियातल्या सायमन डुब्नोवला ते अपुरे वाटले. त्याने आपली नजर पांगलेल्या लोकांच्या गावोगावच्या पंचायतींकडे वळवली, आणि भूमी नसतानाही एक समाज स्वतःचा कारभार शतकानुशतके कसा चालवतो ते दाखवले. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठाभोवती जमलेल्या बेर आणि दिनूर यांच्या परंपरेने उलट भूमीलाच मध्यभागी बसवले : लोक कुठेही असोत, इतिहासाची गाठ त्या मातीशी. अमेरिकेत सॅलो बॅरनने बजावले की ज्यूंचा इतिहास म्हणजे नुसती अश्रूंची कहाणी नव्हे. १९८० च्या दशकात बेनी मॉरिस वगैरे इस्रायली इतिहासकारांनी सरकारी दप्तरे उघडून इस्रायलच्या स्थापनेचे, १९४८ चे, चित्र पुन्हा तपासले. आणि १९८२ साली योसेफ येरुशल्मीने 'झाखोर' या छोट्या पुस्तकात मूळ मुद्द्यालाच हात घातला. आठवण ही एक गोष्ट आणि इतिहास ही दुसरी, आणि या लोकांनी हजारो वर्षे आठवण जपली, इतिहास मात्र क्वचितच लिहिला. श्रीरंगपट्टणची गोष्ट सांगताना मला येरुशल्मी नेहमी आठवतो.

मराठी वाचकाला हा विषय नवा नाही, पण तो एका विशिष्ट वाटेने आला. ना. ह. पालकरांचे 'इस्रायल : छळाकडून बळाकडे', वि. ग. कानिटकरांची नाझी राजवटीवरची आणि इस्रायलच्या युद्धांवरची पुस्तके, ॲन फ्रँकच्या रोजनिशीची भाषांतरे आणि अलीकडे मोसादच्या कारवायांच्या कहाण्या. ही पुस्तके लोकांनी आवडीने वाचली आणि त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. पण बहुतेकांचा सूर एकच : त्यांनी कसे उभे राहून दाखवले आणि आपण काय धडा घ्यावा. त्या नादात आपल्या शेजारच्या आळीतला माणूस दिसेनासा झाला. पोलंडची वस्ती आपल्याला माहीत झाली, पेण-पनवेलची नाही.

अरबी समुद्राच्या या किनाऱ्याचे आणि ज्यूंचे नाते मात्र खूप जुने आहे. कैरोच्या एका सिनेगॉगच्या माळ्यावर सापडलेल्या कागदांत बाराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची पत्रे निघाली. ती एस. डी. गोइटाइनने आयुष्यभर खपून वाचली. त्यांतला अब्राहम बेन यिजू हा ट्युनिसियाकडचा व्यापारी १७-१८ वर्षे मंगळूरला राहिला. तिथे त्याने पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवला आणि आशू नावाच्या स्थानिक स्त्रीला दास्यातून मुक्त करून तिच्याशी संसार केला. अमिताव घोष यांनी १९९२ साली त्याच्यावर एक सुंदर पुस्तक लिहिले. म्हणजे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ज्यू घर होते याचा नऊशे वर्षांचा कागदोपत्री पुरावा आहे. केरळात जोसेफ रब्बानला दिलेले इ. स. १००० च्या सुमाराचे ताम्रपट आहेत. गोव्याची कहाणी मात्र काळी आहे. पोर्तुगालमधून ज्यू वंश लपवून आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ गोव्यात छापला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली.

कोकणच्या बेने इस्राएलांकडे ताम्रपट नाही. त्यांच्याकडे गोष्ट आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात जोडपी वाचली, बाकीच्यांची प्रेते लाटांनी आणून टाकली आणि ती तिथेच पुरली. वाचलेल्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या. आठवणीत उरली ती एक ओळ, देव एकच आहे असे सांगणारा 'शेमा', आणि काही चालीरीती : आठव्या दिवशी सुंता, शनिवारी काम नाही, खवले आणि पर असलेलेच मासे. गावकऱ्यांनी त्यांना तेलाच्या घाण्यावर पाहिले, शनिवारी घाणा बंद असतो हे पाहिले आणि नाव ठेवले, 'शनवार तेली'. कोकणाने 'तुम्ही कोण?' हा प्रश्न विचारलाच नाही. नाव देऊन टाकले आणि पुढे गेले.

हे केव्हा घडले? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांचे मत की पूर्वज इ. स. पू. १७५ च्या सुमारास गॅलिलीतून अँटिओकस राजाच्या जुलमाला कंटाळून निघाले. मुख्य आधार हा की त्यानंतरच्या घटनांवर बेतलेला हनुक्का हा सण समाजाला मुळात ठाऊकच नव्हता. कोणी हरवलेल्या दहा वंशांकडे बोट दाखवले, कोणी इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात येमेनहून किंवा इराणहून आल्याचे म्हटले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे स्पष्ट दिसले. त्यांचा संकर साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा निघाला. हा आकडा आगमनाचा नाही, मिसळण्याचा आहे. वर्तमानपत्रांनी तेव्हा हा फरक पाळला नाही.

मला स्वतःला या साऱ्यापेक्षा सणांच्या नावांची साक्ष अधिक मोलाची वाटते. नवे वर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस 'दार फाळणीचा', म्हणजे दारे लावून घरात बसण्याचा. वल्हांडणाच्या सणात आंबवलेले चालत नाही, म्हणून आंबटाचे भांडे झाकून ठेवायचे. तो 'अनशी ढाकायचा सण'. पुरीम मार्चच्या आगेमागे येतो, म्हणून तो सरळ 'होळीचा सण'. आणखी एक 'खिरीचा सण'. आता उपासांची नावे पाहा. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचे सुतक म्हणून पाळतात तो 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे खातात. शिवाय 'सब्बी रोजा', 'नव्याचा रोजा'. सण मराठी आणि उपास फारसी. अभ्यासकांनी यातून असे अनुमान काढले की 'सण' हा जुना थर आणि 'रोजा' हा नंतरचा, मुसलमानी अमदानीत कोणी बाहेरचा गुरू आल्यावर चढलेला. दोन हजार वर्षांपूर्वी दूर कुठे तरी पडलेल्या मंदिराचे दुःख रायगडच्या बायकांनी वालाच्या बिरड्यात साठवून ठेवले. स्मृतीचे याहून नेमके रूप मी कुठे वाचलेले नाही.

तो गुरू म्हणजे डेव्हिड राहाबी. तो केव्हा आला यावर एकमत नाही. कोणी त्याला हजार वर्षे मागे नेतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. त्याने कोकणात येऊन ही माणसे खरोखर ज्यू आहेत का हे पाहायचे ठरवले आणि घरातल्या बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवले-पर असलेले तेवढे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतल्या माणसांना धर्म शिकवून 'काजी' नेमले. 'तुम्ही कोण?' हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो असा, आणि उत्तर पुरुषांनी पोथी वाचून दिले नाही. बायकांनी मासे निवडून दिले.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. कोकणाने या माणसांना जागा दिली, ती जातीच्या उतरंडीत दिली. तेली म्हणून जे खालचे स्थान, ते त्यांच्याही वाट्याला आले. आणि त्यांनीही ती उतरंड आपल्या घरात आणली. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. मिश्र विवाहातून जन्मलेल्यांना काळे म्हणत आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे. भारतात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. ते मोठ्या अंशी खरेही आहे. पण सहिष्णुतेचा हा दाखला जातिव्यवस्थेच्या कागदावर लिहिलेला आहे, हे या पुस्तकाने न कचरता सांगितले. मला ते आवडले.

आडनावांचे मात्र निराळे. केहीमकर, पेणकर, रोहेकर, थळकर, अष्टमकर, चेऊलकर, तळकर, वाकरूळकर : अशी शंभराहून अधिक आडनावे आहेत आणि त्यांचा नकाशा काढला तर जुना कुलाबा जिल्हा उभा राहतो. माणसांची नावेही मराठी वळणाची. सॅम्युएलचा सामाजी, मोझेसचा मुसाजी, अब्राहमचा अबाजी. अलिबागच्या 'मागेन आबोथ' सिनेगॉगमध्ये, देशातल्या इतर सिनेगॉगांप्रमाणेच, तोराचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, कारण यरुशलेम पश्चिमेला. अलिबागेत पश्चिमेला समुद्र आहे. ज्या पाण्याने पूर्वजांना बुडवले आणि वाचवले, त्याच्याकडेच तोंड करून ही माणसे प्रार्थना करत आली.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ती मुंबईला येऊ लागली. कंपनीच्या पलटणी, गोदी, रेल्वे, इस्पितळे अशा ठिकाणी रुजू झाली. १८२९ साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत छापले. हेतू धर्मांतराचा होता. परिणाम उलटा झाला : समाज हिब्रू शिकला आणि आपल्या धर्मात अधिक पक्का झाला. जोसेफ एझकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८४६ पासून वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा मराठीत मिळू लागला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगाद्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पेहरावात आहेत. मिसर देशातून सुटकेची गोष्ट आणि पोळपाटाजवळच्या मराठी बायका एकाच पानावर. १८८० च्या सुमारास समाजातल्या लोकांनी कीर्तने सुरू केली. आख्यान अब्राहमाचे किंवा योसेफाचे, चाली आणि छंद वारकरी-हरिदासी. १८७५ साली केहीमकरांनी शाळा काढली आणि १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला, लेखक जाऊन जवळजवळ तीस वर्षे झाल्यावर. पुढे शिफ्रा स्ट्रिझोवर, बेंजामिन इस्राएल, शर्ली इसेनबर्ग, जोन रोलंड या सगळ्यांनी याच पायावर बांधकाम केले.

या समाजाने काय माणसे दिली हे इथे पूर्ण सांगता येणार नाही. तीन नावे घेते. मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस. बेळगावात जन्मलेल्या, १९०५ साली मॅट्रिकला पहिल्या आलेल्या आणि पुढे इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या रिबेका रूबेन. आणि जुन्या म्हैसूर संस्थानातल्या शिमोग्याला जन्मलेल्या डॉ. जेरुशा झिराड. त्यांनी लंडनहून एम.डी. होऊन मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली. त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली.

१८३२ साली बगदादचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून मुंबईत आले. पुण्याचे लाल देऊळ, भायखळ्याचे मागेन डेव्हिड, ससून गोदी ही त्यांच्या घराण्याची देणगी. पण बगदादी ज्यूंना बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी शंका होती. धर्मविधीत आणि लग्नसंबंधात अंतर ठेवले जाई. ज्या लोकांना हजार वर्षांत कोकणातल्या कोणी पुरावा मागितला नाही, त्यांना तो मागितला स्वधर्मीयांनी.

आणि यरुशलेम? ज्यूंना पितृभूमीत परत नेऊ पाहणाऱ्या झायनवादी चळवळीच्या १८९७ च्या पहिल्या परिषदेचे बोलावणे बेने इस्राएलांना आले होते. परतीची वाट देवाच्या हाताने उघडेल, असे म्हणून त्यांनी ते नाकारले. मग पहिले महायुद्ध आले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी त्या भूमीतले हैफा शहर घेतले ते जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी. म्हैसूरच्या स्वारांच्या वाट्याला कार्मेल डोंगराची चढण आली. कार्मेल म्हणजे एलियाहूचा डोंगर, ज्याच्या नावाने अलिबागेत मलिद्याचे ताट भरते आणि ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात तोच एलियाहू. माझ्या शहराचे आणि माझ्या गावाचे हे नाते कळले त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

१९४८ साली इस्रायल हा देश झाला आणि लोक तिकडे निघाले. १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे २६ हजार ज्यू होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. भारतात कोणी घालवले नाही. ओढ होती आणि पुढच्या पिढीच्या लग्नांची व नोकऱ्यांची चिंता होती. तिथे गेल्यावर काहींच्या वाट्याला वाळवंटातल्या नव्या वसाहती, हलकी कामे आणि रंगावरून होणारी हेटाळणी आली. धरणे धरून १९५२ साली शे-दीडशे जण भारतात परतसुद्धा आले. मग १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बी पीठाने, म्हणजे धर्मगुरूंच्या मंडळाने, फर्मान काढले : बेने इस्राएल मुला-मुलीचे लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या आईकडची पूर्वपीठिका जाईल तितकी मागे तपासा. हा तिसरा प्रश्न. पितृभूमीत, पितृभूमीच्या भाषेत, 'तुम्ही कोण?' बेने इस्राएलांनी सत्याग्रहाची वाट धरली. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह यरुशलेमच्या रस्त्यावर बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आणि समान हक्काचे असल्याचे जाहीर केले आणि पीठाला फर्मान बदलावे लागले. टिपूच्या आईने एका शब्दावर विश्वास ठेवला. रब्बींना तो ठेवायला दोन वर्षांचा लढा लागला.

त्याच भूमीत १९४८ साली सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोकांची घरे सुटली. त्यांच्याही पेट्यांत किल्ल्या आहेत, त्यांच्याही आडनावांत गावे आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलमधले सुमारे १,२०० जीव गेले आणि त्यानंतर गाझात हजारोंच्या हजारो माणसे मेली, त्यांत असंख्य मुले. अशा दिवसांत ज्यू इतिहासाचे पुस्तक काढणे म्हणजे एका बाजूला उभे राहणे, असे काही मित्र मला म्हणाले. मला उलट वाटते. आज मराठी तरुणाला 'इस्राएल' हा शब्द फक्त रणगाड्याबरोबर ऐकू येतो. कोणाला त्या शब्दाची भुरळ पडते, कोणाला द्वेष वाटतो. पेणच्या गल्लीत हा शब्द कधी काळी शेजाऱ्याचे नाव होता हे ठाऊक असेल, तर दोन्हींना लगाम बसतो. मुळापासून तुटण्याचे दुःख ज्याने एकदा ओळखले, त्याला ते दुसऱ्याच्या डोळ्यांतही ओळखता आले पाहिजे.

या पुस्तकाचा प्रयत्न एवढाच नाही, पण याच्यासाठी ते मला जवळचे वाटते. ते मोशेपासून आजपर्यंतचा प्रवास सांगते, पण उभे राहते नवगावच्या वाळूत. युरोपातली कत्तल ते टाळत नाही, तिच्यावरच संपतही नाही. लेखिकेशी माझे दोन मतभेद आहेत. केहीमकरांच्या इ. स. पू. १७५ वर त्या माझ्यापेक्षा अधिक विसंबतात. आणि गेल्या चाळीस वर्षांत इस्रायलमध्ये वाढलेल्या पिढीला त्यांनी फारच थोडी पाने दिली आहेत. दिमोना, अश्दोद, लोद इथे आजही मराठी घरे आहेत, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे आणि एके काळी तोडकी हिब्रू बोलणाऱ्या आजीची नातवंडे आता तोडकी मराठी बोलतात. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे. पण हिब्रू, मराठी आणि इंग्रजी साधनांची जी पारख या पानांत आहे, ती मराठीत याआधी माझ्या पाहण्यात आली नव्हती.

वाचकांना एक विनंती. रायगड, ठाणे, पुणे, मुंबई, बेळगाव इथल्या कित्येक घरांत बेने इस्राएल शेजाऱ्यांनी जाताना ठेवायला दिलेल्या वस्तू अजून असतील : एखादी हिब्रू-मराठी प्रार्थनेची वही, लग्नाचा फोटो, शाळेचे प्रगतिपुस्तक, दिमोनाहून आलेले निळे हवाई पत्र. घर आवरताना असे काही हाती लागले तर रद्दीत घालू नका. जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन दाखवा, आणि त्या शेजाऱ्यांना पाहिलेले कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांना आजच बसवून विचारा आणि लिहून घ्या.

विजयनगर, म्हैसूर